अंगावर खूण नाही, म्हणजे घातपातच का?

प्रश्न असा आला आहे: ‘माझी काकू जुलैमध्ये साप चावून गेली, असं घरातले म्हणतात. पण अंगावर खूण नव्हती, सूज नव्हती, साप कुणी पाहिला नाही. पहाटे तीनला पोटात दुखतंय म्हणून उठली, पाचच्या सुमारास डोळे उघडेनात, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. आता तिच्या माहेरचे काकांवर संशय घेतात. केरळात नवऱ्यानं साप सोडून बायकोला मारलं ती बातमी त्यांच्या डोक्यात आहे. खूण न ठेवता साप चावू शकतो का? आणि सापाकरवी केलेला खून डॉक्टरला ओळखता येतो का?’

दोन्हींचं उत्तर ‘हो’. मात्र तुमच्या काकूंच्या बाबतीत पहिल्या ‘हो’चं पारडं मला फार जड वाटतं. का, ते सांगायला जरा वेळ लागेल.

मी रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सव्वीस वर्षं प्रॅक्टिस करतो. आमच्याकडे साप चावला असं कुणी म्हणत नाही, ‘पान लागलं’ म्हणतात. रात्री नाव घेतलं तर जनावर परत येतं, ही समजूत. पावसाळ्यात रात्री दार वाजलं आणि बाहेरच्याला काय झालं ते सांगताना शब्द सापडेना, की मी आधी चप्पल घालतो.

2008 सालच्या भातलावणीतली गोष्ट. तेव्हा 108 ची गाडी नव्हती, ती आपल्याकडे 2014 मध्ये आली. पहाटे साडेपाचला एका ट्रॅक्समधून तिशीतली बाई आणली. सोबत नवरा आणि सासरा. सासरा म्हणाला, ‘पोटात वात धरलाय, रात्री भाकरीबरोबर सुकट खाल्ली होती.’ बाई पोट धरून वाकली होती, दोनदा उलटी झालेली. मी रात्रभर जागा होतो. नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. पोटदुखीचं एक आणि पित्ताचं एक इंजेक्शन दिलं आणि बाकावर पडायला सांगितलं. म्हणजे मी तिला चुकवलं होतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेली बाई पहाटे पोटदुखीनं उठते, हे ऐकून माझ्या डोक्यात जी घंटा वाजायला हवी होती, ती वाजली नाही.

वाजली ती सिस्टरच्या. ती बाईला पाणी द्यायला गेली आणि परत येऊन म्हणाली, ‘सर, ती झोपाळलेली नाहीये. तिला पापण्या उचलता येत नाहीयेत.’

मी जाऊन पाहिलं. कपाळाला आठ्या घालून, भुवया वर ताणून ती माझ्याकडे बघायचा प्रयत्न करत होती आणि पापण्या अर्ध्यावरच. मान उशीवरून उचल म्हटलं, मान उठेना. तोंडात थुंकी साठलेली, गिळता येत नव्हती. ‘एका दमात आकडे मोज’ म्हटलं. अकरापर्यंत गेली. वीस मिनिटांनी पुन्हा मोजायला लावलं, सातवर अडकली. ही आमच्याकडची सगळ्यात स्वस्त तपासणी. तिला वीजही लागत नाही, आणि छातीचे स्नायू किती वेगानं हार मानतायत हे ती कुठल्याही यंत्राआधी सांगते.

मण्यार. कोकणात काही गावांत कांडर म्हणतात.

हा साप रात्री फिरतो, उंदरांच्या आणि पालींच्या मागे घरात येतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंगाखाली किंवा कुशीला सापडला की चावतो. दात आखूड आणि बारीक. चावा मुंगी चावल्यासारखा, पुष्कळदा तेवढाही जाणवत नाही. जागेवर सूज नाही, रक्त नाही, दुखणं नाही. त्या बाईला आम्ही बॅटरी घेऊन केसांत, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, पाठीवर, सगळीकडे तपासलं. एक ठिपका सापडला नाही. नाग किंवा घोणस चावली की जागा स्वतः बोलते: सूज चढत जाते, कातडी काळवंडते, माणूस ठणक्यानं ओरडतो. मण्यार चावल्यावर आधी पोट दुखतं, घसा आवळल्यासारखा होतो, सांधे दुखतात, मग पापण्या गळतात, मग गिळणं जातं, मग श्वास. तीनला पोटदुखी, पाचला डोळे बंद. तुम्ही लिहिलेली वेळ मी पुन्हा वाचली ती याच कारणानं.

सात वाजता तिचे दोन भाऊ शेजारच्या गावातून आले. अंगावर खूण नाही हे कळल्याबरोबर थोरल्यानं मेव्हण्याची कॉलर धरली. ‘काय घातलंस तिला, सांग.’ कॅज्युल्टीच्या दारात हाणामारी व्हायची बाकी होती. आम्ही एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, केली होती म्हणून हवालदार आलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, थोडं थांबा. नवरा काही बोलत नव्हता. गप्प राहिलेला माणूस अशा वेळी आणखीच गुन्हेगार दिसतो.

फ्रीजमध्ये सापाच्या लसीच्या दहा कुप्या होत्या, सगळ्या लावल्या. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण गावात याच्यावरून डॉक्टरांना मार पडतो. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते. ती रक्तात मोकळं फिरणारं विष पकडते. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकात घुसून तिथली यंत्रणाच उद्ध्वस्त करतं. एकदा ते आत गेलं की लस त्याला ओढून बाहेर काढू शकत नाही. टोकं नव्यानं उभी राहायला काही दिवस जातात. तेवढे दिवस माणसाच्या वतीनं कुणीतरी श्वास घ्यायचा, एवढाच उपचार. नागाचं बरं असतं. त्याचं विष बाहेरून कुलूप अडवून बसतं, त्यामुळे लसीबरोबर निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिन दिलं की काही रुग्णांच्या पापण्या अर्ध्या तासात वर जाताना मी पाहिल्या आहेत. मण्यारीत तसा चमत्कार सहसा होत नाही.

पावणेआठला श्वास थांबला. नळी घातली, अँब्यू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायचा फुगा, जोडली. व्हेंटिलेटर नव्हता. जिथे होता ते शहर पाच तासांवर, मध्ये घाट, आणि पाऊस असा की वायपर चालू आहे की नाही कळू नये. त्याच ट्रॅक्समध्ये मागच्या सीटा काढून तिला आडवी घातली. मी, वॉर्डातले मामा, नवरा आणि कॉलर धरणारा तो थोरला भाऊ. चौघांनी आळीपाळीनं फुगा दाबायचा. मी मोठ्यानं म्हणायचो, ‘एक, दोन, तीन, चार, दाब.’ तासाभरानं पंजा वळतो, बोटं उघडत नाहीत. मग दुसऱ्याच्या हातात. एकदा घाटात मी मागे वळून पाहिलं तर नवरा दाबत होता आणि भाऊ त्याच्या मनगटाखाली हात देऊन बसला होता. बोलणं अजूनही नव्हतंच.

शहरात पोचलो तेव्हा तिची बुबुळं पूर्ण फाकलेली होती, बॅटरीच्या उजेडाला हलत नव्हती. हात उचलून सोडला की धप्पकन पडायचा. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, ‘ब्रेन डेड आहे.’ त्याला दोष देत नाही. पुस्तकातली खूण तीच आहे, आणि मण्यारीत तीच फसवी ठरते. विष डोळ्यांतल्या बारीक स्नायूंनाही लुळं करतं, मेंदूला नाही. मी म्हटलं, व्हेंटिलेटरवर घ्या, चार दिवस काही ठरवू नका.

चौथ्या दिवशी पायाचं बोट हललं. बाराव्या दिवशी ती चालत बाहेर पडली. पुढे महिन्याभरानं माझ्याकडे आली तेव्हा तिनं जे सांगितलं त्यानंतर मी शुद्ध नसलेल्या रुग्णाच्या उशाशी बोलायची पद्धतच बदलली. ती सगळं ऐकत होती. ‘तुम्ही आकडे म्हणत होतात. एक जण म्हणाला, गेली. आणि दादा यांना म्हणत होता, काय घातलंस. मी ओरडत होते की यांनी काही केलं नाही, पण ओठ हलत नव्हते.’

त्याच आठवड्यात घरातली भाताची कणगी हलवली तेव्हा खालून मण्यार निघाली होती. निघाली नसती तरी माझं निदान तेच राहिलं असतं. साप दिसलाच पाहिजे, मारून बाटलीत आणलाच पाहिजे, हा आग्रह सोडा. त्यात वेळ जातो, आणखी एकाला चावतो, आणि आणलेला साप बहुतेक वेळा बिनविषारी कवड्याच असतो, कारण त्याच्याही अंगावर पट्टे असतात. मण्यारीचे पांढरे पट्टे जोडीजोडीनं असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात, कवड्याचे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे विरतात. पण हे रात्री तीनला कोण बघत बसणार?

आता केरळ.

कोल्लम जिल्ह्यातलं ते प्रकरण मी डॉक्टर म्हणून बारकाईनं वाचलं, कारण त्यात गुन्हा उघडकीला आला तो साप सापासारखा वागला नाही म्हणून. घटनाक्रम असा. 2 मार्च 2020 ला त्या पंचवीस वर्षांच्या बाईला सासरी घोणस चावली. ती वाचली. 52 दिवस इस्पितळात, पायावर कातडी लावायची शस्त्रक्रिया. घोणशीतून वाचणं काय असतं ते ज्यानं वॉर्डात पाहिलं आहे त्याला कळेल: रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं, मूत्रपिंडं धोक्यात येतात. तिथून ती माहेरी आली, आणि 7 मे च्या सकाळी माहेरच्याच खोलीत मेलेली आढळली. नाग चावला होता, नाग खोलीतच सापडला, मारून पुरलाही गेला. दोन महिन्यांत दोनदा, दोन वेगळ्या जातींचे साप, दोन वेगळ्या घरांत. आईवडिलांनी तक्रार केली. 24 मे ला नवऱ्याला अटक झाली. साप विकणारा माणूस पुढे माफीचा साक्षीदार झाला.

तपासात पोलिसांनी पुरलेला नाग उकरून काढून त्याचंही शवविच्छेदन केलं. खोली वातानुकूलित, दारं-खिडक्या बंद, नागाला आत येऊन पलंगावर चढायचं काही कारण नाही. नाग साधारण दिवसा आणि तिन्हीसांजेला हिंडणारा साप, मध्यरात्री माणूस शोधत फिरणारा नव्हे. तो चावला की आग होते, माणूस दचकून उठतो. ही बाई दोन चावे बसूनही उठली नाही. व्हिसेऱ्यात, म्हणजे शवविच्छेदनात तपासणीसाठी राखलेल्या अवयवांत, गुंगी आणणाऱ्या गोळीचा अंश सापडला. आणि सगळ्यात वरची गोष्ट म्हणजे दातांमधलं अंतर. नाग आपणहून चावला तर दोन दातांच्या खुणांत साधारण पावणेदोन सेंटिमीटर अंतर पडतं. तिच्या हातावरच्या दोन्ही खुणांत ते दोनाच्या बरंच पुढे होतं. सापाचं डोकं धरून दाबलं की जबडा फाकतो आणि दात लांब पडतात. वन खात्याच्या मदतीनं तपास करणाऱ्यांनी माणसाचा पुतळा घेतला, हाताला कोंबडीचं मांस बांधलं आणि जिवंत नागावर प्रयोग केला. अंगावर टाकलेला नाग आधी चावायलाच तयार नव्हता. डोकं दाबून चावायला लावला तेव्हा खुणा तशाच रुंद आल्या. 13 ऑक्टोबर 2021 ला कोल्लमच्या सत्र न्यायालयानं नवऱ्याला दुहेरी जन्मठेप दिली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही राजस्थानातल्या झुंझुनू जिल्ह्यातल्या अशाच एका प्रकरणात जामीन नाकारला आणि गारुड्याकडून साप आणून माणूस मारायची नवी रीत पडतेय, अशी चिंता बोलून दाखवली.

बातमीत गाजलं म्हणून हे सर्रास होतं असं समजू नका. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात साप चावून अंदाजे 12 लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी 58,000. त्यातले बहुतेक खेड्यापाड्यांतले. त्या डोंगराएवढ्या आकड्यापुढे सिद्ध झालेले खून हाताच्या बोटांवर मोजता येतील.

कोल्लममध्ये खुणा होत्या, आणि त्या चुकीच्या होत्या. तुमच्याकडे खुणाच नाहीत, आणि बाकी सगळं बरोबर आहे. माहेरच्यांनी नेमकं उलटं वाचलं आहे.

मग मी संशय कधी घेतो? वेळ आणि शरीर जुळत नाही तेव्हा. एक नवविवाहित मुलगी ‘पान लागलंय’ म्हणून आणली होती. तोंडाला फेस, अंगभर घाम, आणि बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी. मण्यारीत बुबुळं फाकतात, कीटकनाशकात आकसतात. शिवाय कपड्यांना तो लसणीसारखा उग्र वास. सापाच्या लसीला हातही न लावता अ‍ॅट्रोपिन सुरू केलं, ती जगली. तिनं स्वतः घेतलं होतं की कुणी पाजलं, हे मी ठरवलं नाही, ते माझं काम नव्हे. मी काय पाहिलं आणि किती वाजता पाहिलं ते एमएलसीत लिहिलं. पुढे कोर्टात वकिलानं मला तीनदा विचारलं, बुबुळं खरंच बारीक होती का? केसपेपरवर त्या रात्रीच ‘पिनपॉइंट’ लिहिलेलं होतं, म्हणून प्रश्न तिथेच मिटला. तरुण डॉक्टर हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: सर्पदंशात बुबुळं, पापण्या, आकड्यांची मोजणी आणि काचेच्या नळीतलं रक्त वीस मिनिटांत गोठलं की नाही, हे वेळेसकट लिहा. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची नको, आणि साबणानं धुतलेली तर मुळीच नको. साबणाचा अंश राहिला की निरोगी माणसाचंही रक्त गोठत नाही आणि तुम्ही नसलेली घोणस शोधत बसता.

तुमच्या घरच्या कागदांकडे वळतो. साप चावून मृत्यू झाला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, आता नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते कलम 194 आहे, पूर्वी 174 होतं. लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर बाईच्या मृत्यूची चौकशी तहसीलदारांच्या पातळीवर जाते. काकूंच्या बाबतीत तसं नसावं. पंचनामा आणि शवविच्छेदन झालं असेल तर काकांनी त्यांच्या प्रती मागून घ्याव्यात आणि माहेरच्यांना स्वतःहून दाखवाव्यात. अहवालात ‘कारण राखून ठेवलं, व्हिसेरा राखला’ असं असेल तर घाबरायचं नाही. व्हिसेऱ्याची नेहमीची तपासणी कीटकनाशकं, गोळ्या, दारू अशा रासायनिक विषांसाठी असते. सर्पविष त्यात सहसा येत नाही. म्हणजे ‘विष आढळलं नाही’ असा निकाल आला तर तो काकांच्या विरोधात नाही, उलट बाजूनं आहे. पोटात घातलेलं असतं तर तिथे बहुधा काहीतरी दिसलं असतं.

हवालदारानं किंवा पाटलानं ‘कशाला कापाकापी’ म्हणून शवविच्छेदन टाळलं असेल, तर मात्र अडचण आहे. गावात असं फार होतं, प्रेमानंच होतं, आणि नंतर दोन बाजूंनी भोवतं. एक म्हणजे कुजबुज मिटवायला कागद उरत नाही. दुसरं, शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून सर्पदंशाच्या मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात, त्यालाही सहसा हेच कागद लागतात. तालुका कृषी कार्यालयात लगेच विचारा.

कागद नसतील तर एकच साक्ष उरते, त्या रात्रीची. ज्या माणसानं काकूंना तीन ते पाचच्या मध्ये पाहिलं, मग ते काका असोत, शेजारीण असो, गाडीवाला असो, त्याच्याकडून शांतपणे लिहून घ्या. बोलताना आवाज घोगरा किंवा नाकातून येत होता का, पाणी गिळता येत होतं का, मान एका बाजूला पडत होती का, शुद्ध होती का. घाम आणि फेस होता का. जेवणानंतर किती वेळानं त्रास सुरू झाला, आणि तेच जेवण आणखी कोण जेवलं. शेवटपर्यंत शुद्ध आणि तरी पापण्या मिटलेल्या, असं उत्तर आलं तर ते लिहिलेलं घेऊन तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या मेडिकल ऑफिसरकडे माहेरच्या एका माणसाला सोबत न्या. तुमच्याकडून ऐकलेलं ते मानणार नाहीत. सर्पदंश रोज बघणाऱ्या परक्या डॉक्टरकडून ऐकलेलं बहुधा मानतील. त्या थोरल्या भावाला मी काही समजावलं नव्हतं, फक्त फुगा हातात दिला होता.

आणि त्या खोलीत अजून कुणी जमिनीवर झोपत असेल तर आज रात्रीपासून मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गोधडीखाली चारही बाजूंनी घट्ट दाबा. खाट असेल तर उत्तम, पण तिच्यावरून चादर जमिनीला टेकू देऊ नका. धान्याची पोती भिंतीपासून हातभर पुढे ओढा. काकू गेल्या ते जनावर अजून घरातच असू शकतं.